पाटीवरचं नाव कुणासाठी

१८५८ साली इंग्लंडमधल्या एका कंपनी सेक्रेटरीला एक शब्द गाळल्याची किंमत स्वतःच्या खिशातून मोजावी लागली. कंपनी कॉर्नवॉलमधल्या सॉल्टॅश गावची. नाव 'सॉल्टॅश वॉटरमेन्स स्टीम पॅकेट कंपनी, लिमिटेड'. मार्टिर हे तिचे सेक्रेटरी. कंपनीच्या नावे आलेली एक हुंडी त्यांनी सेक्रेटरी या नात्याने सही करून स्वीकारली. हुंडीवर कंपनीचं नाव होतं, गावही होतं, फक्त शेवटचा 'लिमिटेड' राहून गेला होता. मुदतीला कंपनीने पैसे दिले नाहीत, तेव्हा हुंडीवाला कोर्टात गेला आणि कोर्टाने ती सगळी रक्कम मार्टिर यांच्या माथी मारली. हुंडीवर कंपनीचं पूर्ण नाव आलंच पाहिजे, ते न आल्यास आणि कंपनीने पैसे बुडवल्यास सही करणारा जबाबदार, असं कायद्यात लिहिलेलं होतं. सही करणाऱ्याचा हेतू काय होता, याला त्यात महत्त्व नव्हतं.

एका शब्दावर एवढं काय अडलं होतं? त्याआधीच्या काळात धंद्यात भागीदार झालेला माणूस धंदा बुडाला की राहतं घर आणि बायकोचे दागिने विकूनही कर्ज फेडायला बांधलेला असे. १८५५ साली इंग्लंडच्या संसदेने नवी सवलत दिली: भागधारकाने शेअरपुरते पैसे भरले की तो मोकळा, कंपनीचं उरलेलं देणं त्याच्या दारात येणार नाही. सवलत मोठी होती आणि तिचा भुर्दंड कुणावर पडणार हेही उघड होतं. कंपनीला उधारीवर कोळसा देणारा व्यापारी, तिला कर्ज देणारा सावकार, तिच्या हुंडीवर विश्वास ठेवणारा परगावचा माणूस, यांना आता मालकांच्या खासगी मालमत्तेकडे बोट दाखवता येणार नव्हतं. मग त्यांना निदान आधी कळायला तरी हवं. ते कळवायचं काम संसदेने नावावरच सोपवलं. नावाचा शेवटचा शब्द 'लिमिटेड' असलाच पाहिजे, म्हणजे व्यवहार करणारा सावध राहील.

दोनच वर्षांनी, १८५७ च्या कायद्याने हे मर्यादित जबाबदारीचं तत्त्व हिंदुस्थानात आलं. बँकांना त्यातून वगळलं होतं; त्यांना ते १८६० साली मिळालं. पाठोपाठ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात कंपन्यांचं पीक उगवलं. बॅकबेच्या समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीच्या शेअरने तर लोकांना वेड लावलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि 'लिमिटेड'चा अर्थ मुंबईकरांना पुस्तकाशिवाय समजला.

कंपनीच्या नावाचे आजचे भारतीय नियम वाचताना हीच गोष्ट लक्षात ठेवावी लागते. नाव ठेवणाऱ्याला वाटतं, नाव आपल्या आवडीचं, आपल्या हौसेचं. कायद्याच्या लेखी ते त्याच्यासाठी नसतंच. ते रस्त्यावरून जाणाऱ्या, पाटी वाचणाऱ्या, बिल हातात घेणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतं. नियमांतल्या कित्येक गोष्टी वरकरणी हट्टी किंवा हास्यास्पद वाटतात. या अनोळखी माणसाच्या जागी उभं राहून पाहिलं की त्यांतल्या बऱ्याचशा पटतात. सगळ्या पटतातच असं मात्र नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम ४ नावाविषयी आहे. पहिली अट जुनीच: पब्लिक कंपनीच्या नावाच्या शेवटी 'लिमिटेड', प्रायव्हेट कंपनीच्या शेवटी 'प्रायव्हेट लिमिटेड'. कलम ८ खाली नोंदलेल्या, नफा वाटून न घेणाऱ्या धर्मादाय कंपन्यांना यातून सूट आहे. त्यांच्या नावात फाउंडेशन, असोसिएशन, फोरम, कौन्सिल असे शब्द येतात. एकट्या माणसाची कंपनी असेल तर जिथे जिथे नाव छापलं जाईल तिथे त्याखाली कंसात 'वन पर्सन कंपनी' असं लिहावं लागतं. आणि कंपनी नसताना नुसताच 'लिमिटेड' लावून धंदा करणाऱ्याला कलम ४५३ खाली दिवसाला ५०० ते २,००० रुपये दंड आहे.

'प्रायव्हेट' हा शब्द मागाहून आला. १९१३ च्या कायद्याखाली खासगी कंपन्याही नुसतं 'लिमिटेड' लावत. नावात 'प्रायव्हेट' लिहिण्याची सक्ती १९५६ च्या कायद्याने केली. हा शब्द सांगतो की या कंपनीचे शेअर्स वाटेल त्याला विकता येत नाहीत. ऐकायला किरकोळ वाटणाऱ्या या शब्दाने देशातल्या सर्वांत नामांकित उद्योगसमूहाला थेट सर्वोच्च न्यायालयात नेलं होतं. १९१७ साली स्थापन झालेली टाटा सन्स ही मुळात प्रायव्हेट कंपनी. पण जुन्या कायद्यात ४३ए नावाचं एक कलम होतं. त्यानुसार उलाढाल ठरावीक मर्यादेपलीकडे गेलेली प्रायव्हेट कंपनी आपोआप पब्लिक मानली जाई. १९७५ साली टाटा सन्स अशी 'मानीव पब्लिक' झाली. २००० साली ती तरतूद मोडीत निघाली, तरी नाव तसंच राहिलं. पुढे सायरस मिस्त्री यांना २०१६ मध्ये अध्यक्षपदावरून दूर केल्यावर मोठा वाद पेटला. त्या धामधुमीत, २०१७ च्या सप्टेंबरमध्ये, कंपनीने पुन्हा प्रायव्हेट होण्याचा ठराव केला आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कंपनी रजिस्ट्रारने तिच्या प्रमाणपत्रात 'प्रायव्हेट' हा शब्द घातला. कंपनी अपील न्यायाधिकरणाने २०१९ च्या डिसेंबरमध्ये हे बेकायदा ठरवलं. २६ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि शब्द राहिला. अल्पसंख्य भागधारकांच्या दृष्टीने तो एक शब्द म्हणजे शेअर्स कुणाला विकता येतील आणि कुणाला नाही याची चौकट होती. म्हणूनच एवढे वकील उभे राहिले.

आता नावाच्या मधल्या भागाकडे येऊ, कारण अर्ज अडतात ते तिथे. पुण्यातल्या, मुंबईतल्या किंवा पणजीतल्या माणसाने कंपनी काढायची ठरवली तर नोंदल्यावर ती त्या त्या रजिस्ट्रारच्या अखत्यारीत येते, पण नावाचा अर्ज हरयाणातल्या मानेसरच्या केंद्रीय नोंदणी कक्षात तपासला जातो. २०१६ पासून ही पद्धत आहे. २०२० पासून नव्या कंपनीसाठी 'स्पाइस प्लस' नावाचा ऑनलाइन फॉर्म आहे. त्याच्या पहिल्या भागात दोन नावं पसंतीच्या क्रमाने द्यायची, १,००० रुपये भरायचे आणि वाट पाहायची. नाव मंजूर झालं की ते २० दिवस राखून ठेवलं जातं. तेवढ्यात कागदपत्रं जमली नाहीत तर जादा पैसे भरून मुदत वाढवता येते, एकूण ६० दिवसांपर्यंत. खोटी माहिती देऊन नाव मिळवलं असेल तर कंपनी नोंदण्याआधी नाव रद्द होतं आणि एक लाखापर्यंत दंड होतो. कंपनी नोंदल्यानंतर उघडकीस आलं तर रजिस्ट्रार नाव बदलायला लावू शकतो किंवा कंपनीच यादीतून उडवू शकतो.

मंजुरीचा खरा प्रश्न एकच: हे नाव आधीच्या कुठल्या नावाशी जुळतं का? जुळणं म्हणजे काय, हे ठरवायला २०१४ च्या नियमावलीतला नियम ८ आहे. २०१९ साली तो नव्याने लिहिला गेला. सरकारी नियमांत इतका वाचनीय मजकूर क्वचितच सापडतो, कारण त्यात प्रत्येक मुद्द्याला काल्पनिक कंपन्यांची उदाहरणं दिली आहेत. 'ग्रीन टेक्नॉलॉजी' आणि 'ग्रीन्स टेक्नॉलॉजीज' एकच, कारण एकवचन-अनेकवचनाने नाव बदलत नाही. 'ए.बी.सी. लिमिटेड' आणि 'एबीसी लिमिटेड' एकच. टिंबं आणि मोकळ्या जागा मोजायच्या नाहीत. 'असेंड सोल्युशन्स', 'असेंडेड सोल्युशन्स' आणि 'असेंडिंग सोल्युशन्स' तिन्ही एकच, म्हणजे काळ बदलूनही सुटका नाही. 'रवी बिल्डर्स अँड कॉन्ट्रॅक्टर्स' असताना 'रवी कॉन्ट्रॅक्टर्स अँड बिल्डर्स' मिळणार नाही. 'थंडर सर्व्हिसेस'मध्ये ११ चा आकडा घातला म्हणून ते वेगळं होत नाही, तो आकडा एखादा ब्रँड असेल तर गोष्ट निराळी. आधीच्या नावाला शेवटी गावाचं नाव जोडलं तरीही उपयोग नाही. 'आपण त्यात पुणे घालू या' ही बैठकीतली सर्वांत लोकप्रिय सूचना इथे निकालात निघते.

सगळ्यांत मासलेवाईक उदाहरण उच्चारांचं आहे. 'केमटेक' हा एकच उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या अर्धा डझन तऱ्हा नियमकर्त्यांनी ओळीने मांडल्या आहेत. कुठे सी, कुठे के, कुठे शेवटी एच, कुठे नाही. आणि मग सांगितलंय की या सगळ्या एकच. 'बी के' या आद्याक्षरांचंही तसंच, त्यात एका नमुन्यात तर तीन ई लागोपाठ आहेत. हे वाचून हसू येतं, पण अर्ज करणारे काय काय करून पाहतात याची ती अनुभवातून आलेली यादी असणार. देवनागरीत वावरणाऱ्याला यातली खोच लगेच कळते: आपल्याकडे लिहिलेलं आणि ऐकू येणारं यांत फारसं अंतर नसतं, रोमन स्पेलिंगमध्ये ते मनसोक्त वाढवता येतं. फोनवर 'केमटेककडून बोलतोय' असं ऐकणाऱ्या माणसाला स्पेलिंग दिसत नाही. नियम त्याच्या कानाने नाव ऐकतो.

भाषांतरालाही हेच लागू आहे. 'नॅशनल इलेक्ट्रिसिटी कॉर्पोरेशन' असताना 'राष्ट्रीय विद्युत निगम' मिळत नाही. मात्र या उपनियमात हिंदी आणि इंग्रजी या दोनच भाषांचा उल्लेख आहे. नाव मानेसरमध्ये तपासलं जातं, तिथल्या कानाला मराठी, तमिळ किंवा बंगाली भाषांतर कसं ओळखू येणार हा प्रश्न नियमकर्त्यांनी बाजूलाच ठेवलेला दिसतो. बावीस भाषा अनुसूचीत असलेल्या देशात ही उणीवच म्हणायची.

बंद पडलेल्या कंपनीच्या नावाचीही मजा आहे. रीतसर विसर्जित झालेल्या कंपनीचं नाव दोन वर्षांनी दुसऱ्याला मिळू शकतं, पण विवरणपत्रं न भरल्यामुळे वगैरे रजिस्ट्रारने यादीतून खोडलेल्या कंपनीचं नाव २० वर्षं अडकून राहतं. उलटं वाटतं ना? कारण असं की खोडलेली कंपनी २० वर्षांपर्यंत न्यायाधिकरणाकडे जाऊन पुन्हा जिवंत होऊ शकते. ती उठून आली आणि तिच्या नावावर दुसराच बसलेला असला तर काय करायचं? म्हणून जागा राखून ठेवायची.

जुळणाऱ्या नावांच्या पलीकडे दुसरा गट येतो, मागूनही न मिळणाऱ्या शब्दांचा. १९५० साली बोधचिन्हं आणि नावांचा गैरवापर रोखणारा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतलं नाव व्यापारासाठी वापरायचं तर केंद्र सरकारची परवानगी लागते आणि अशा नावाची कंपनी नोंदवूनच घ्यायची नाही असं रजिस्ट्रारला बजावलेलं आहे. या अनुसूचीत संयुक्त राष्ट्रसंघ आहे, जागतिक आरोग्य संघटना आहे, इंटरपोल आहे, अशोकचक्र आहे, रामकृष्ण मठ आहे. व्यक्तींमध्ये महात्मा गांधी, जवाहरलाल नेहरू, इंदिरा गांधी आणि पदावर असलेले पंतप्रधान यांच्या जोडीला, किंबहुना त्यांच्याही आधी, छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव लिहिलेलं आहे. महाराजांच्या नावावर गल्लोगल्ली दुकानं थाटणाऱ्यांनी ही अनुसूची पाहिलेली नसते.

सरकारचा भास निर्माण करणारे शब्द वेगळ्या नियमात, ८बी मध्ये आहेत: बोर्ड, कमिशन, अथॉरिटी, नॅशनल, युनियन, सेंट्रल, फेडरल, रिपब्लिक, राष्ट्रपती, मिनिस्टर, गव्हर्नर, म्युनिसिपल, पंचायत, कोर्ट, ब्युरो. यांतला कुठलाही हवा असेल तर केंद्राची आगाऊ मंजुरी आणावी लागते. नुसतं खंडाचं, देशाचं, राज्याचं किंवा शहराचं नाव घेऊनही कंपनी काढता येत नाही. नियमात 'एशिया लिमिटेड' आणि 'जर्मनी लिमिटेड' अशी उदाहरणं आहेत. 'नॅशनल' लिहिलेल्या पत्रावरून ग्रामीण भागातला ठेवीदार काय समजतो, हे ज्याने चिटफंडाच्या बुडीत प्रकरणांच्या बातम्या वाचल्यात त्याला समजावून सांगायला नको.

'बँक' या शब्दाचा पहारा तर दुहेरी आहे. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ७ नुसार बँक नसलेल्या कंपनीला नावात 'बँक', 'बँकर' किंवा 'बँकिंग' वापरता येत नाही. आणि जी खरोखर बँकिंग करते तिला यातला निदान एक शब्द वापरावाच लागतो. म्हणजे लपवायचंही नाही आणि मिरवायचंही नाही. महाराष्ट्राला हे कलम जवळचं आहे, कारण इथे गावोगावी सहकारी पतसंस्था आहेत आणि सभासद त्यांना सर्रास 'आपली बँक' म्हणतात. २०२० च्या दुरुस्तीने सहकारी संस्थांवरची बंधनं घट्ट झाली आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर इशारा दिला: काही सहकारी संस्था नावात 'बँक' लावत आहेत, ते कायद्याविरुद्ध आहे आणि त्यांच्याकडच्या ठेवींना विम्याचं संरक्षण नाही. विमा, म्युच्युअल फंड, स्टॉक एक्स्चेंज, व्हेंचर कॅपिटल या शब्दांसाठीही त्या त्या नियामकाची मान्यता दाखवावी लागते.

एके काळी भारदस्त शब्दांचे दरही ठरलेले होते. नावात 'कॉर्पोरेशन' हवं तर अधिकृत भांडवल पाच कोटी, सुरुवातीला 'इंटरनॅशनल' किंवा 'युनिव्हर्सल' हवं तर एक कोटी, 'हिंदुस्थान' किंवा 'भारत'ने सुरुवात करायची तर पन्नास लाख. छोट्याने मोठं दिसू नये हा हेतू. पुढे ही अट गेली, आणि गेली ते बरं झालं असं माझं मत. अधिकृत भांडवल हा कागदावरचा आकडा आहे, त्याने कुणाची खरी पत कळत नाही.

नावातून धंदा कळावा की नाही, यावर कायद्याने अनेकदा मन बदललंय. जुन्या काळी ते आपोआपच होई. १९४५ च्या डिसेंबरमध्ये खानदेशातल्या अमळनेरसाठी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' नावाची कंपनी नोंदली गेली. नाव वाचलं की कळत होतं: वनस्पती तूप, तेल. धंदा पसरत गेला तसं ते नाव तोकडं पडलं आणि १९७७ साली त्याची अक्षरं जोडून 'विप्रो प्रॉडक्ट्स' झालं. आज बंगळुरूच्या त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या नावात तेलाचा मागमूस नाही. आजच्या नियमांनुसार नावात उद्दिष्ट असायलाच हवं असं नाही, मात्र नाव एखाद्या धंद्याचं असेल तर ते दिशाभूल करणारं नको.

दिशाभूल कशी होते हे १९९९-२००० मध्ये शेअर बाजाराने पाहिलं. इंटरनेटची लाट आली आणि कुठल्या कुठल्या कंपन्यांनी नावामागे 'इन्फोटेक', 'सॉफ्टवेअर', 'डॉट कॉम' लावून घेतलं. धंदा तोच, शेअरचा भाव मात्र वर. आता सेबीच्या २०१५ च्या नियमावलीतल्या नियम ४५ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला नाव बदलायचं तर आधीच्या बदलानंतर एक वर्ष गेलेलं हवं. नव्या नावातून जो धंदा सूचित होतो त्यातून गेल्या वर्षीच्या उत्पन्नाचा निदान निम्मा भाग आलेला हवा, नाहीतर त्या धंद्यात मालमत्तेच्या निम्म्याइतकी गुंतवणूक केलेली हवी. नाव पुढे आणि काम मागून, हा क्रम सेबीने उलटवला. धंदा न सांगणाऱ्या नावाला अर्थात ही अडचण येत नाही. २०२५ मध्ये झोमॅटो लिमिटेडने आपलं नाव 'इटर्नल लिमिटेड' केलं. ॲपवर जेवण मागवणाऱ्याला फरक जाणवलाही नसेल, कारण ॲपचं नाव तेच राहिलं.

इथे एका गैरसमजाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण नव्या उद्योजकांना तो महागात पडतो. 'नाव मंजूर झालं म्हणजे ते माझं झालं' असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. मानेसरची मंजुरी म्हणजे 'आमच्या यादीत असं दुसरं नाव दिसत नाही' एवढंच. कुणाचा ट्रेडमार्क त्या नावावर असेल तर तो नंतरही उभा राहू शकतो. कलम १६ नुसार नोंदणीकृत ट्रेडमार्कचा मालक कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांच्या आत केंद्र सरकारच्या प्रादेशिक संचालकाकडे तक्रार करू शकतो, आणि दिवाणी कोर्टाचा रस्ता त्याला त्याशिवाय मोकळा असतोच.

याचं गाजलेलं उदाहरण मुंबई उच्च न्यायालयात सुरू झालं. १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने निघालेली कंपनी. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. पन्नास वर्षांनी तिला दिसलं की 'महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स' नावाची एक कंपनी बाजारात शेअर्स विकायला निघाली आहे. धंदा कागदाचा, जीप-ट्रॅक्टरचा काही संबंध नाही. तरीही उच्च न्यायालयाने मनाई केली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ऐकायला आणि दिसायला दोन्ही नावं इतकी जवळची आहेत की सामान्य माणसाला ही त्याच घरातली कंपनी वाटेल, असं न्यायालयाचं म्हणणं. इथेही तोच अनोळखी माणूस, या वेळी शेअर घेणारा.

'पण आमचं आडनावच ते आहे' या बचावाचं काय? किर्लोस्कर नावाच्या वादात, नव्वदच्या दशकात, मुंबई उच्च न्यायालयाने याचं उत्तर दिलं. स्वतःचं नाव प्रामाणिकपणे वापरण्याची सवलत हाडामांसाच्या माणसासाठी आहे. माणसाला नाव आईवडील देतात, त्याचा त्यात दोष नसतो. कंपनीला नाव तिचे प्रवर्तक निवडून देतात. हजार नावं मोकळी असताना त्यांनी नेमकं प्रसिद्ध नाव का उचललं, हा प्रश्न विचारायला न्यायालयाला पूर्ण मुभा आहे. म्हणूनच आजकाल जाणता कंपनी सेक्रेटरी नावाचा फॉर्म भरण्याआधी ट्रेडमार्कची यादी चाळतो. नंतर वकिलाला देण्याच्या फीपेक्षा तो अर्धा तास स्वस्त.

नाव मिळालं, टिकलं, आता ते लावायचं कुठे? कलम १२ सांगतं की कंपनीचं नाव आणि नोंदणीकृत पत्ता तिच्या प्रत्येक कार्यालयाबाहेर, ठळक जागी, वाचता येईल अशा अक्षरांत रंगवलेला किंवा लावलेला असला पाहिजे. आणि पुढे एक वाक्य आहे ज्याकडे महाराष्ट्रात फार कमी लोकांचं लक्ष जातं: पाटीवरची अक्षरं त्या भागात सर्वसाधारण वापरात असलेल्या भाषेची नसतील, तर त्या भाषेच्या अक्षरांतही नाव लिहावं लागेल. हे राज्याच्या कायद्यातलं कलम नाही, केंद्राच्या कंपनी कायद्यातलं आहे, आणि १९५६ च्या कायद्यातही ते होतं. मराठी पाट्यांचा वाद गेली कित्येक वर्षं दुकानांभोवती फिरतोय. राज्याने २०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात ३६ए हे कलम घातलं, व्यापाऱ्यांची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २५,००० रुपयांच्या दंडासह फेटाळली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दुकानदारांना दोन महिन्यांत पाट्या बदला असं सांगितलं. हे सगळं आवश्यक होतं असं मानलं तरी, नोंदणीकृत कंपन्यांपुरतं देवनागरी पाटीचं बंधन दशकानुदशकं कायद्याच्या पुस्तकात पडून होतं. काचेच्या इमारतींत एकाखाली एक लागलेल्या चकचकीत इंग्रजी पाट्यांपैकी किती कलम १२ पाळतात, हे कुणीही लिफ्टची वाट पाहताना तपासू शकतो. दंड दिवसाला १,००० रुपये, कमाल एक लाख.

कलम १२ पत्रं, बिलं आणि नोटिसांनाही लागू आहे. त्यावर नाव आणि पत्त्याबरोबर सीआयएन हा २१ अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक छापावा लागतो. तो वाचायला शिकण्यासारखा आहे: पहिलं अक्षर कंपनी बाजारात नोंदलेली आहे की नाही ते सांगतं, पुढचे पाच आकडे उद्योग, मग राज्याची दोन अक्षरं, महाराष्ट्रासाठी एमएच, गोव्यासाठी जीए, मग स्थापनेचं वर्ष, कंपनीचा प्रकार आणि शेवटी नोंदणीचे सहा आकडे. नाव कितीही वेळा बदललं तरी शेवटचे सहा आकडे कंपनीची पाठ सोडत नाहीत. दोन वर्षांच्या आत नाव बदललेलं असेल तर जुनं नावही पाटीवर ठेवावं लागतं, म्हणजे कालच्या नावाने ज्याचे पैसे थकलेत त्याला आजचा पत्ता सापडावा. एरवी नाव बदलायला विशेष ठराव, म्हणजे मत देणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांचा पाठिंबा, आणि सरकारची मंजुरी लागते.

आणि नाव बदला असा आदेश झाल्यावरही कंपनी ढिम्म बसली तर? पूर्वी दंडाचा मीटर चालू राहायचा आणि पाटी तशीच लटकायची. २०२० च्या दुरुस्तीने कलम १६ मध्ये सरकारला एक अधिकार मिळाला आणि १ सप्टेंबर २०२१ पासून तो वापरायची पद्धत नियम ३३ए मध्ये आली. तीन महिन्यांत आदेश पाळला नाही तर सरकारच कंपनीला नाव देतं. ते नाव असं बनतं: आधी 'ओआरडीएनसी' ही पाच रोमन अक्षरं, म्हणजे 'प्रादेशिक संचालकाचा आदेश पाळला नाही' या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं, मग आदेशाचं वर्ष, मग अनुक्रमांक, मग कंपनीचा जुना सीआयएन. एवढ्यावर भागत नाही. जिथे जिथे हे नाव छापलं, कोरलं किंवा लावलं जाईल तिथे त्याच्या खाली कंसात तेच वाक्य पूर्ण लिहावं लागतं, कायद्याच्या कलमासकट. बिलावर आणि लेटरहेडवर ते दिसतं, दारावरच्या पाटीवरही. तुरुंगवास किंवा लाखोंच्या दंडापेक्षा ही शिक्षा मला जास्त हुशारीची वाटते. नियम एवढी मुभा ठेवतो की अशी कंपनी पुढे केव्हाही विशेष ठराव करून, फी भरून दुसरं नाव मागू शकते. तोवर तिच्याशी व्यवहार करायला येणाऱ्याला बाकी काही विचारावं लागत नाही.